पायाखालचं सागवान

“अहो, तुमची एक चप्पल कुठंय?”

बसथांब्यापाशी वर्तमानपत्रं मांडून बसणाऱ्या बाईनं विचारलं तेव्हा मिस्त्रीला वाटलं, मागच्या कुणाला तरी म्हणतेय. त्यानं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा, पदपथाच्या खरबरीत फरशीवर निवांत टेकलेला, जणू घरातच आहे. समोरच्या दुकानदारानं सकाळचं पाणी मारलं होतं, त्याचा ओघळ पायाखालून गेला होता आणि पाय घोट्यापर्यंत ओला दिसत होता. दिसत होता, एवढंच.

“घरी राहिली वाटतं,” तो म्हणाला.

“चप्पल राहिली की डोकं?” बाई हसली. “बायकोशी भांडून निघालात होय?”

“भांडून निघालो असतो तर दोन्ही राहिल्या असत्या.”

हसत हसतच तो परत फिरला, पण कोपऱ्यावरून वळल्यावर हसू आपसूक उतरलं. चप्पल सापडली ती शिंप्याच्या दुकानापुढं, गटाराच्या जाळीशी पालथी पडलेली. तिथून थांब्यापर्यंतची वाट त्यानं आता डोळ्यांनी चालून पाहिली. आधी जाळी, तिच्या लोखंडी पट्ट्या. मग रस्ता उकरून बुजवला होता तिथली खडी. मग बाटलीचं एक बूच, दातेरी कडेचं. मग ओल. एवढ्या सगळ्यावरून हा पाय गेला आणि त्यानं एक अवाक्षर काढलं नाही. ज्या पायानं उभ्या जन्मात काही लपवून ठेवलं नव्हतं, तो पाय. मिस्त्रीनं भिंतीला हात देऊन तळवा वर करून पाहिला. रक्तबिक्त नव्हतं. टाचेजवळ एक बारीक खडा मात्र रुतून बसला होता, अंगठीत बसवावा तसा. त्यानं तो नखानं काढला. निघाल्याचंही नखालाच कळलं.

आणि आज नेमका डेक पायाखालून घालायचा दिवस होता.

मिस्त्रीचं काम जहाजांवरचं. माल वाहणाऱ्या नव्हे, माणसं नुसती हौसेनं समुद्रावर जातात त्या उंच पांढऱ्या जहाजांवरचं. अशा जहाजाच्या वरच्या गच्चीवर, पोहायच्या हौदाभोवती, लोखंडावर सागवानी फळ्या अंथरलेल्या असतात. माणसं तिथं अनवाणी हिंडतात. लोखंड उन्हात भाजतं, गारठ्यात चावतं. सागवान दोन्हीकडं समजूतदार. पण मीठ, ऊन आणि रोजची घासणी यांनी वर्षानुवर्षं फळी झिजते, मऊ गाभा खाली जातो, कठीण रेषा वर येतात, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या. मग जहाज गोदीत येतं आणि मिस्त्रीची टोळी जुनं उपटून नवं घालते. खाली लोखंड साफ करून सपाट करायचं, त्यावर चिकट लेप, लेपावर फळी, फळीशेजारी फळी, आणि दोघींत बोटाच्या निम्म्यानं सांध सोडायची. त्या सांधेत काळं रबर भरायचं. पूर्वी तिथं सूत ठोकून उकळतं डांबर ओतत. रबर सुकलं की यंत्रानं सगळं घासून एकसारखं करायचं. यंत्र आपलं काम चोख करतं, पण यंत्राला वाटतं सगळं झालं आणि रात्रभरात एखादी सांध फुगून केसभर वर येते, एखादी फळी कडेनं मान उचलते. डोळ्याला दिसत नाही. हाताला कळतं, पण हातानं अख्खा डेक चाचपायला माणसानं रांगतच म्हातारं व्हावं. म्हणून जहाज ताब्यात द्यायच्या दिवशी टोळीतला एकजण अनवाणी चालतो. फळ्यांना जरा तिरका, म्हणजे दर पावलाखाली दोन-तीन सांधा येतात. नजर खाली लावायची नाही, समोर ठेवायची. डोळे बघायला लागले की पाय आळशी होतात. जिथं खुपेल तिथं थांबून टाच हलकी आपटायची. मागं एकजण गुडघ्यांवर, हातात पाती घेऊन. तो तेवढी जागा खरवडतो, मग पुढं. नजरेखालून घालतात तसं हे पायाखालून घालणं. टोळीत हा मान एकाचाच असतो, आणि कित्येक वर्षं तो मिस्त्रीचा होता. त्या दिवशी तो बूट घालत नसे. बुटात पाय सुजून मठ्ठ होतात म्हणून सकाळपासून चपलाच, अगदी हलक्या, असून नसल्यासारख्या.

बसमध्ये त्याला खिडकीशी जागा मिळाली. त्यानं चपला काढून पाय लोखंडी पत्र्यावर टेकवले. बसचा पत्रा थरथरत असतो, इंजिनाची धडधड पावलांतून गुडघ्यापर्यंत चढते. कितीतरी सकाळी ती त्याला पेंग आणायची. आज थरथर होती, पण गुडघ्याखाली नव्हती. गुडघ्यावर कुठंतरी सुरू होत होती, जशी पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याला रस्त्यावरची गाडी ऐकू यावी. कधीपासून? त्यानं मनाशी आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना, कारण जे नाहीसं होतं ते जाताना दार वाजवत नाही. कापसावरून चालल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा त्यानं घरातल्या नव्या फरशीला बोल लावला होता. मग बुटांना. मग वयाला, पण ते गमतीत. एकदा बायकोनं शेकायला बादलीत पाणी आणून ठेवलं, आणि विसण घालायला तांब्या भरून आणते तोवर यानं पाय आत घातलेसुद्धा. ती केवढ्यानं तरी ओरडली होती. “अहो, वाफ येतेय त्यातून! पाय आहेत की लाकडं?” त्यानं म्हटलं, “लाकडांतच जन्म गेला, गुण लागणारच.” ती हसली नाही. पाय लाल झाले होते. तिनं ते मांडीवर घेऊन पदरानं टिपले आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही, आणि मग भलतंच बोलली, की चपला मागं पट्टा असलेल्या घ्या, या सारख्या निसटतात. रक्तात साखर आहे हे डॉक्टरनं सांगितलं तेव्हाही तिनं पथ्य लावलं आणि यानं विनोद केला, की आता तरी गोड बोलत जा. पायांचं त्यानं डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. सांगायचं तरी काय? दुखतं असं सांगता येतं. दुखत नाही, असं सांगायला कोण जातं?

लहानपणी आई त्याला अंगणात सोडताना आधी जमिनीशी बोलायची. लेकाशी नव्हे, जमिनीशी. शेजारणीशी बोलावं तशी, कमरेवर हात ठेवून, पण स्वर मात्र गाण्याचा.

*भुई गं भुई, नको टोचू खडा,*
*माझ्या सोन्याचा पाय आहे उघडा.*
*भुई गं भुई, सांग त्याला आधी,*
*काटा कुठं दडला वाटेमधी.*

पोराला वाटायचं, जमीन खरंच ऐकते. आणि पुढं वाटायला लागलं, की ती बोलतेही. पाऊल टाकलं की ती काहीतरी सांगायची: इथं ओल आहे, इथं काल चूल पेटली होती, इथं मुंग्या. त्याला ते कधी नवल वाटलं नाही. सगळ्यांनाच ऐकू येत असेल असं तो धरून चालला होता. गोदीत पहिल्यांदा आला तेव्हा थोरल्या मिस्त्रींनी, म्हणजे त्याच्या आधी टोळीचे जे मिस्त्री होते त्यांनी, घोंगडीखाली शिवणाचा एक दोरा टाकून नव्या गड्यांना वरून चालायला लावलं होतं. बाकीचे चालून गेले. हा थांबला. थोरल्या मिस्त्रींनी घोंगडीची घडी घातली आणि पाती याच्या हातात दिली. त्या दिवसापासून तो त्यांच्या मागं गुडघ्यांवर चालला. ते चालायचे, थांबायचे, टाच आपटायची, आणि हा खरवडायचा. तेव्हा डांबर होतं. वर आलेलं डांबर पातीखाली चुरचुरायचं, भाजलेल्या पापडाच्या कडेसारखं तुटून यायचं. आणि खाली काही नसलंच, नुसतं लाकूडच असलं, तर पाती खर्र करायची. कोरडी. दोन आवाजांत इतकं अंतर, की डोळे मिटूनही चुकू नये.

शेवटच्या काही जहाजांवर थोरले मिस्त्री भलतीकडंच थांबायला लागले. टाच आपटायचे, आणि खाली काही नसायचं. पहिल्यांदा तो म्हणाला होता, “इथं काही नाही, मिस्त्री.” त्यावर ते वळून त्याच्याकडं बघत राहिले होते. रागावून नव्हे. पत्ता विचारावा तसं. ती नजर त्याला झेपली नाही. पुढच्या वेळी ते थांबले तेव्हा त्यानं नुसत्या लाकडावर पाती फिरवली, खर्र, आणि म्हणाला, “निघालं, मिस्त्री.” मग ते तसंच चालू राहिलं. टोळीत सगळ्यांना ठाऊक झालं. दुपारी जेवण झाल्यावर थोरले मिस्त्री जिन्याखाली सावलीत टोपी तोंडावर घेऊन डुलकी काढायचे. तेवढ्यात हा बूट काढायचा आणि सगळा डेक पुन्हा पायाखालून घालायचा, आणि जिथं खरंच खुपेल तिथं स्वतःच बसून खरवडायचा. डांबर ओतणारा त्याचा दोस्त जिन्याच्या तोंडाशी पहारा करायचा आणि म्हातारा हलला की खोकायचा. काय हसायचे दोघं! पोरांनी आंबे चोरावेत तसली ती मजा. चालणं तो तिथं शिकला, चोरीचं, म्हाताऱ्याच्या डुलकीच्या मापाचं.

बस गोदीच्या फाटकाशी थांबली. मिस्त्रीनं उतरताना खाली बघून एकेक पाऊल टाकलं आणि दोन्ही चपला पायांत असल्याची खात्री करून घेतली. पायऱ्या चढताना त्यानं ठरवलं, की आज सावकाश चालायचं. लाकूड ओळखीचं, फळी न् फळी आपल्या डोळ्यांदेखत बसवलेली. एखादवेळी सकाळचा गारठा असेल. रक्त जरा फिरलं की येतीलही पाय ताळ्यावर. आणि नाही आले तर? नाही आले तर मिस्त्री म्हणजे कोण? बाकी सगळं तर टोळीतल्या कुणालाही येतं. फळी कुणीही बसवतो. मग मनात त्याला हौद दिसला, आणि हौदाभोवती उद्या परवा धावणारी ओली पोरं दिसली, कुणाचीतरी, अंगात भडक कपडे. आणि त्यांतलं एक केसभर उचललेल्या फळीच्या कडेला अंगठा अडकून तोंडावर. तो जिन्यात जरा थांबला. वरून यंत्राचा नव्हे, झाडूचा आवाज येत होता. म्हणजे सगळं तयार होतं.

डेक उन्हात पसरला होता. नुकत्याच घासलेल्या सागवानाचा रंग सुरुवातीचे थोडे दिवसच असतो, मधात दूध पडल्यासारखा. मग समुद्र त्याला राखाडी करतो. आणि तो वास, चामड्याचा आणि तेलाचा आणि कुठंतरी मिरीचा. फळ्यांच्या काळ्या रेषा हौदाला वळसा घालून पार टोकापर्यंत गेल्या होत्या, आणि कडेनं एक रुंद फळी, चौकटीसारखी, सगळ्यांना धरून होती. टोळी कठड्याशी उभी होती, बुटांवर कापडी पिशव्या बांधून. शेजारच्या गोदीतल्या जहाजावर प्लास्टिकचा डेक बसत होता, वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. तिथं कुणी अनवाणी चालून बघत नाही. डांबऱ्यानं तिकडं तोंड करून तोंड वाकडं केलं. डांबऱ्या म्हणजे तोच जुना दोस्त. डांबर जाऊन कित्येक वर्षं झाली, आता तो बंदुकीसारख्या नळीनं रबर भरतो, पण नाव राहिलं. “रबऱ्या म्हणाल तर घरात घेणार नाही बायको,” असं त्याचं म्हणणं.

“या या,” डांबऱ्या म्हणाला. “आम्हाला वाटलं, नवरदेव पळाला.”

“बस चुकली.”

“बस चुकते का तुझी कधी? तळव्यांना अत्तर लावत बसला असशील.”

“लावलंय. वास घेतोस?”

“नको बाबा, सकाळचं खाल्लेलं आत राहू दे.”

नखी हसली नाही. ती कडेला बसून पाती दगडावर फिरवत होती. ही शिवणाच्या कारखान्यातून आली होती, शिवण सोडून सांधेला लागली. येता-जाता प्रत्येक सांधेतून नख फिरवून बघायची खोड, म्हणून नखी. एवढ्या वर्षांत पाती धरणारे कितीजण आले-गेले, पण हिच्यासारखं मागं चालणारं कुणी नव्हतं. तिची सावलीसुद्धा पायात येत नसे. “चालायचं, मिस्त्री?” ती म्हणाली. “जहाजावरच्या अधिकारी बाई उन्हं उतरताना यायच्यात ताब्यात घ्यायला.”

मिस्त्रीनं चपला काढल्या. शेजारी शेजारी ठेवल्या. आणि कडेच्या रुंद फळीवरून आत पाऊल टाकलं.

काही नाही. कापूस. त्यानं दुसरं पाऊल टाकलं. समोर गोदीची माल उचलायची उंच यारी होती, तिच्या टोकावर एक पक्षी बसला होता, त्याच्यावर त्यानं नजर बांधली. टाच टेकते, मग बाहेरची कड, मग बोटं एकामागून एक येतात. ही चाल पायांना पाठ होती आणि ते ती बिनचूक चालत होते, फक्त काय वाचलं ते सांगत नव्हते. तो मनानं खाली उतरला. आत्ता सांध आली असेल. आत्ता दुसरी. जिथं जिथं काही लागायला हवं तिथं त्याला आठवण लागत होती: इथं खालचं लोखंड फुगीर होतं, इथली फळी बदलली, इथं रबर भरताना नळी अडकली होती. आठवणीच्या डेकवरून तो चालत होता, आणि खालचा खरा डेक कुठंतरी खाली, पाण्याखाली असावा तसा. मागून नखीच्या गुडघ्यांची सळसळ येत होती. कुठंतरी थांबायला हवं होतं. इतका मोठा डेक कधीच थांबल्याशिवाय पार होत नाही. मध्यावर आलो तरी थांबलो नाही म्हणजे कठड्यावरची माणसं एकमेकांकडं बघतील. त्यानं थांबायचं ठरवलं, आणि थांबला. टाच आपटली. आपटल्याचा आवाज त्याला कानांनी कळला.

सळसळ थांबली. पाती टेकली.

खर्र.

“निघालं, मिस्त्री,” नखी म्हणाली.

पक्षी यारीवरून उडाला. मिस्त्री त्याच्या रिकाम्या जागेकडं बघत उभा राहिला. आवाज त्यानं ओळखला होता. इतका, की तो नखीच्या पातीतून आला की त्याच्याच जुन्या पातीतून, हे क्षणभर कळेना. रबर असतं तर आवाजच झाला नसता. रबर पातीपुढं मुकाट निघतं, दुधावरची साय निघावी तसं. त्याला वाटलं, चुकून झालं असेल. पाती सांधेवरून घसरून फळीवर गेली असेल, होतं तसं. तो चालायला लागला. हौदाचा वळसा आला. वळशावरून तो मुद्दामच बाहेर सरकला, कडेच्या रुंद फळीवर, जिच्या मध्यावर दोन्ही अंगांना वीतभर तरी नुसतं लाकूडच आहे, सांध नाही, रबर नाही, वर यायला काहीच नाही. इथं कुणी शिकाऊसुद्धा थांबायचा नाही. तिथं तो थांबला. टाच आपटली.

मागं जराशी शांतता. एवढीशी, श्वास घेण्यापुरती. मग पाती टेकली, हलक्या हातानं, लाकडाला लागू नये अशी.

खर्र.

“निघालं, मिस्त्री.”

आवाजात काही नव्हतं. ना हसू, ना कीव. आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं तसा तो आवाज होता. आणि मिस्त्रीला एकामागून एक गोष्टी दिसायला लागल्या, जशा भरती ओसरली की किनाऱ्यावरच्या दिसतात. तिथंच होत्या, पाण्यानं झाकलेल्या. मागच्या जहाजावर जेवणानंतर तो पहुडला होता आणि जाग आली तेव्हा नखी नळाखाली पाय धूत होती. तळव्यांना पिवळसर भुसा. त्याच्या आधीच्या जहाजावरही. त्यानं विचारलं होतं, “पाय का धुतेस गं अवेळी?” ती म्हणाली होती, “बुटात आग होते.” आणि डांबऱ्या. डांबऱ्याला अलीकडं दुपारी खोकला व्हायचा. एवढा खोकतोस तर औषध घे, असं त्यानं दोनदा सांगितलं होतं.

हसू आलं नाही, रागही आला नाही. आत कुठंतरी एक फळी जागेवर बसावी तसं काहीतरी शांत झालं. म्हणजे मागची जहाजं नीट गेली होती. पोरं पळत होती आणि पडत नव्हती. त्यानं जे राखायला हवं होतं ते कुणीतरी राखलं होतं, त्याच्या झोपेच्या आडून. मग त्याला टोपीखालचे थोरले मिस्त्री आठवले. त्या टोपीची वीण विरळ होती, उन्हाचे ठिपके त्यांच्या तोंडावर पडायचे. तेव्हा घाईत दिसलं आणि मनात शिरलं नाही, ते आता दिसलं: ठिपक्यांखाली पापण्या हलत होत्या. म्हातारा झोपलाच नव्हता. खर्र त्यांनीही ऐकली असणार. त्यांच्याइतके तिखट कान गोदीत दुसऱ्या कुणाला होते? ऐकून ते दर दुपारी जिन्याखाली जाऊन टोपी तोंडावर घ्यायचे, आणि पोरांना हवा तेवढा वेळ निपचित पडून राहायचे. पोरं समजत होती, आपण म्हाताऱ्याला फसवतोय. त्यात म्हाताऱ्यालाही बरं वाटत असेल, पोरांनाही. कुणाचंच काही अडलं नाही. फक्त एक झालं. याला कुणी कधी, चारचौघांत, उजेडात, “तू चाल” असं म्हणालं नाही. थोरले मिस्त्री गेल्यावर पहिल्यांदा सगळ्यांसमोर चालायला उभा राहिला तेव्हा त्याचे कान सारखे खोकल्याकडं लागले होते.

आजही तसंच करता आलं असतं. जेवावं, सावलीत पडावं, डोळे मिटावेत. किती सोपं होतं! पापण्या हलू द्यायच्या नाहीत, एवढंच शिकायचं.

तो मागं वळला. चालताना मागं वळायची रीत नाही. कठड्यावरची कुजबुज थांबली. नखी गुडघ्यांवर, पाती हातात, मान खाली घालून बसली होती.

“नखे,” तो म्हणाला. “बूट काढ.”

“मी?” ती म्हणाली. “अहो मिस्त्री, तुम्ही आहात की.”

“मी आहेच. कुठं चाललोय? पाती दे इकडं.”

“नाही पण…” तिनं कठड्याकडं पाहिलं. डांबऱ्या दोन पावलं पुढं आला होता आणि पिशव्या बांधलेल्या पायांनी तिथंच अडखळला होता.

“अरे मिस्त्री,” तो म्हणाला, “झालं काय? अर्धा डेक राहिलाय तुझा. उगाच…”

“अर्धा नाही, सगळाच राहिलाय. माझ्या पायांना कळत नाही रे काही. सकाळी चप्पल पडली रस्त्यात, तरी कळलं नाही.” वाक्य बाहेर पडलं तेव्हा त्याला वाटलं होतं त्याहून ते लहान निघालं. “आणि तुझा खोकला काय म्हणतो?”

डांबऱ्यानं डोकं खाजवलं. “खोकायची वेळ एखाद-दुसऱ्यांदाच आली. घोरायचास तू. गोदीभर कळायचं, अजून झोपलाय म्हणून.”

कुणीतरी हसलं आणि दबकून थांबलं. मिस्त्रीही हसला, मग बाकीच्यांना हसता आलं. नखी तेवढी हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं आणि ती ते मनगटानं पुसत होती, कारण एक थेंब पडला तर सागवानावर डाग धरेल, हे तिच्या हाताला तिच्याआधी कळत होतं.

“मिस्त्री, मी तुमचा मान घ्यायला नाही चालले कधी,” ती म्हणाली. “फक्त राहून जाऊ नये म्हणून.”

“ठाऊक आहे गं. मीही तसाच शिकलो.” तो खाली बसला, एक हात टेकून, मग दुसरा. गुडघे कुरकुरले, कितीतरी वर्षांत ते या कामाला लागले नव्हते. “दुपारी चालतेस तशी आत्ता चाल. मी जागा आहे.”

तिनं बुटांवरच्या पिशव्या सोडल्या. बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले. पाय पांढरट, बोटं जराशी आखडलेली, उजेडात आणल्यानं लाजल्यासारखी. ती पहिल्यापासून सुरू करायला परत टोकाला गेली आणि मिस्त्री तिच्या मागं गुडघ्यांवर गेला. तिची नजर सारखी खाली येत होती. “पुढं बघ,” तो म्हणाला. “यारीवर एक पक्षी होता. तो येतो का बघ.” ती चालायला लागली. तिची चाल त्याच्यासारखी नव्हती. पावलं आखूड होती, आणि सांध ओलांडताना ती क्षणभर थबकायची, टाका बसला की नाही बघावं तशी. मिस्त्रीच्या तळहातांखाली फळ्या होत्या. त्यानं बऱ्याच दिवसांनी लाकडावर असा पूर्ण पंजा टेकवला होता. सागवान उन्हानं कोमट झालं होतं. रेषा बोटांखालून सरळ जात होत्या, मध्येच एका गाठीला वळसा घालत होत्या, पुन्हा सरळ. किती बारीक बोलतं हे, त्याला वाटलं. आणि आईचा आवाज आठवला, कमरेवर हात ठेवून जमिनीला दटावणारा. सांग त्याला आधी. संध्याकाळी मागं पट्टा असलेल्या चपला घ्यायच्या, आणि बायकोला घेऊन डॉक्टरकडं जायचं, तिच्यासमोरच सांगायचं. ती मांडीवर पाय घेऊन गप्प बसली होती तेव्हा तिला सगळं कळलं होतं, हेही त्याला आत्ताच कळलं.

हौदाच्या अलीकडं नखी थांबली. ही जागा त्याच्या ओळखीची होती. थोड्या वेळापूर्वी तो इथूनच गेला होता, पक्ष्याकडं बघत, बिनघोर. तिनं पाय किंचित मागं घेतला, पुन्हा टेकवला, आणि टाच आपटली. जोरात नाही. पहिल्यांदा कुणाच्या दारावर थाप द्यावी तशी.

“काही आहे का, मिस्त्री?” तिनं वळून न बघता विचारलं.

त्यानं पाती टेकवली आणि पुढं सारली. आवाज झाला नाही. पातीच्या धारेवर काळी, चमकती, केसाइतकी बारीक वळी उमलत आली.

“आहे,” तो म्हणाला. “थांब जरा. पुष्कळ आहे.”